बाबांची नजर खाली वळेना, तेव्हा

माझ्या वडिलांना दादरच्या आमच्या चाळीचा लाकडी जिना उतरताना पायरीचा अंदाज येईनासा झाला, जेवताना ते ताट छातीपर्यंत उचलून धरू लागले आणि वर्षभराच्या आत उभ्या उभ्या मागच्या मागे पडू लागले. नेत्रतज्ज्ञांना मोतीबिंदू किंवा चष्म्याच्या नंबरात काही सापडले नाही. एका डॉक्टरांनी पार्किन्सन ठरवून लेव्होडोपा सुरू केले, पण त्याने फारसा फरक पडला नाही.

अखेर परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात केस पेपर काढून आम्ही न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एका हाताचे बोट वर आणि दुसऱ्या हातातले पेन खाली धरले. "काका, मान हलवू नका. आता बोटाकडे बघा... आता पेनाकडे." डावीउजवीकडे बाबांची नजर झटकन गेली, खाली जाताना मात्र ती रेंगाळत, अडखळत उतरली. मग त्यांनी बाबांना समोर एका जागी बघत राहायला सांगून स्वतःच्या हातांनी त्यांचे डोके मागे झुकवले, तेव्हा तीच बुबुळे आपोआप पूर्ण खाली वळली. डोळ्यांचे स्नायू आणि त्यांच्या नसा शाबूत आहेत, बिघाड त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या वरच्या यंत्रणेत आहे, हे त्यावरून कळते, असे त्यांनी आम्हाला समजावले.

निदान झाले प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी. 1964 साली कॅनडातील डॉक्टरांनी सविस्तर वर्णन केलेल्या या आजारात टाऊ नावाचे प्रथिन मेंदूच्या पेशींत साचते. नजर वरखाली झटकन नेणारी केंद्रे मध्यमेंदूत असतात आणि तो भाग लवकर झिजतो, म्हणून नजर पुरती अडण्याच्या कितीतरी आधी तिचा वेग मंदावतो. एमआरआयमध्ये बाबांचा मध्यमेंदू आक्रसलेला दिसला, पण माझ्या मते खरा पुरावा त्या बोटा-पेनाच्या तपासणीतच मिळाला होता. तिला यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही, त्यामुळे वारंवार पडणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाची ती व्हायलाच हवी, असे मला कळकळीने वाटते.

आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. तरी निदानामुळे लेव्होडोपाचा डोस डॉक्टरांनी हळूहळू कमी केला, ताट उंच चौरंगावर आले आणि चालताना कोणीतरी बाबांच्या मागे राहू लागले. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून स्पीच थेरपिस्टकडे गिळण्याची तपासणीही सुरू केली आहे.