कवडसा बघायचा तर आधी काळोख बघा

स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. चित्रकलेच्या तासाने चित्र काढण्याइतकंच ते बघायलाही शिकवलं, म्हणून मी त्या बघण्याविषयीच लिहितो.

उदाहरणाला फ्रेंच निसर्गचित्रकार कोरोचं ‘मोर्तफोंतेनची आठवण’ घेऊ. १८६४ सालचं हे तैलचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नजर थेट तळ्यावरच्या उजेडाकडे धावते. तिला थोडं आवरावं. डोळे किलकिले केले की पानं, फांद्या, माणसं विरघळतात आणि तीनच छटा उरतात. उजवीकडून कललेलं मोठं झाड गडद, पलीकडचा काठ मध्यम, आकाश आणि पाणी फिकट. आता ते झाड हाताने झाका. तळं लगेच निस्तेज होतं. पाण्याचा रंग तसा साधा करडाच आहे, त्याला तेज येतं ते शेजारच्या काळोखामुळे. कोरो आपल्या स्केचवहीत उजेडाच्या जागी वर्तुळ आणि अंधाराच्या जागी चौकोन मांडून ठेवत असे. रंग नंतर!

चित्रातली हुरहूर येते ती कडांमधून. सूर्य कुठे दिसत नाही, सावल्यांना धार नाही, पानांचे शेंडे आकाशात मिसळून गेलेत. त्यामुळे पहाट की संध्याकाळ हे ठरत नाही, आणि ते ठरू नये हेच बरं.

पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात रंगवणाऱ्या, कोरोच्याच काळातल्या दियाझ या चित्रकाराची तऱ्हा उलटी. त्याच्याकडे आत दाट अंधार आणि खोडावर, जमिनीवर नेमका पडलेला कवडसा. अंधार पातळ थरांत, कवडसा जाड रंगात. बाजूने पाहिलं तर तो जाड रंग उठलेला दिसतो. छापील प्रतीत हे हरवतं. मोबाइलवर तर कोरोचे करडे रंगही भडक होतात.

चित्र फार काळवंडलेलं दिसलं म्हणून चित्रकार उदास होता असं लगेच समजू नका. त्या काळी गडद भागांत डांबरी तपकिरी रंग वापरायची चाल होती. तो कधीच पुरता वाळत नाही, आकसतो, वरच्या थराला भेगा पडतात आणि काळा पडत जातो. वरचं व्हार्निशही जुनं झालं की पिवळटतं, मग निळं आकाश हिरवट दिसू लागतं.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्यांसाठी थोडं. हिरवा गडद करायला काळा घालू नका, रंग मळतो. किंचित क्रिमसन, म्हणजे गडद लाल, घाला. उन्हासाठी नुसता पांढरा मिसळला तर ऊन खडूसारखं दिसतं. त्यात पिवळ्याचा थेंब हवा. कवडसे दोन-तीनच ठेवा, कारण ते जास्त झाले की जंगल ठिपकेदार होतं. पानं सगळ्यात शेवटी, आणि तीही फक्त उजेड-अंधाराच्या कडेला.