मागून टग आला, कळलंच नाही

नाईट शिफ्ट संपवून आत्ताच घरी आलोय, झोप येत नाहीये म्हणून लिहितो. विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, 11 वर्षं झाली, कानात कायम डिझेलची घरघर, घरी टीव्ही मोठा लावतो म्हणून बायको ओरडते ती वेगळीच. आज बॅगांच्या ट्रॉल्या ओढणारा नवीन इलेक्ट्रिक टग माझ्या अगदी मागे येऊन उभा राहिला आणि मला पत्ताच नाही!! ड्रायव्हर हसतोय, मी शिव्या घालतोय.

पण खरा आवाज टगचा नसतोच. विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं, मेन इंजिन बंद असताना लाईट-एसी त्याच्यावर चालतं, आणि ए320 सारख्या विमानात ते तासाला 100 किलोच्या आसपास इंधन पितं, नुसतं उभ्या उभ्या. त्याऐवजी एरोब्रिजखालून विजेची 400 हर्ट्झची केबल लावली आणि थंड हवेचा तो जाडजूड पिवळा पाइप जोडला की एपीयू बंद करता येतं. आज आमच्या बेवर, म्हणजे विमान लावायच्या जागेवर, पायलटने लगेच बंद केलं आणि एकदम शांतता, शेजारच्याशी चक्क नॉर्मल आवाजात बोललो राव.

दिल्लीत तर 2019 पासून टॅक्सीबॉट आहे, इंजिन सुरू न करताच विमान रनवेजवळ नेतो. अर्थात तो स्वतः डिझेल-हायब्रिड, हे कोणी सांगत नाही 😄

आमच्याकडे सध्या भांडण एकच, चार्जरचं. तीन टग, एक पॉइंट, आणि पहाटे 4 ला सगळ्यांनाच घाई.