नेत्यामुळे आमचा उमेदवार तरेल की बुडेल?

निवडणूक जवळ आली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा एखाद्या इच्छुकाच्या घरचे किंवा कार्यकर्ते असतात. ‘आमच्या नेत्यासाठी निम्मे लोक जीव टाकतात आणि निम्म्यांना त्यांचं नावही नको असतं. मग बॅनरवर फोटो केवढा लावायचा?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, १९७७ चा लोकसभेचा निकाल एकदा नीट बघा. नेत्या इंदिरा गांधी, चिन्ह गाय-वासरू, आणीबाणीही देशभर एकच. तरी उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही, बिहारमध्ये ५४ पैकी एकही नाही. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई ५५ हजारांनी पडल्या. आणि त्याच वेळी आंध्रात ४२ पैकी ४१, कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. उत्तरेत नसबंदीची सक्ती घराघरात पोचली होती. ‘आणीबाणी’ म्हटलं की तिथल्या माणसाला दिल्लीतलं राजकारण आठवत नव्हतं, दारात आलेली सरकारी गाडी आठवत होती. दक्षिणेत त्या सक्तीचा जोर कमी होता आणि विरोधकांनी एकत्र येऊन काढलेल्या जनता पक्षाची मुळंही तिथे रुजलेली नव्हती.

महाराष्ट्र अधेमधे राहिला. ४८ पैकी २० जागा काँग्रेसला मिळाल्या, मुंबईतल्या सहाही गेल्या.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते उत्तर प्रदेशातल्या त्या ८५ जणांचं. त्यात नाकर्ते असतील, आणीबाणीचा फायदा उठवलेलेही असतील. पण मतदारसंघात राबलेलेही असणारच, आणि त्यांच्या कामाचा हिशेब त्या दिवशी कोणी केला नाही. नेत्यावरून समाज दुभंगला की उमेदवाराचा चेहराच पुसला जातो. लोकशाहीचं हे नुकसान मला कुठल्याही एका पक्षाच्या पराभवापेक्षा मोठं वाटतं, कारण पुढच्या खेपेला काम करायचं तरी कशाला, असं त्या माणसाला वाटलं तर त्याला काय उत्तर देणार?

मग नेत्यापासून लांब राहिलं तर? तेही आपल्याच राज्यात करून झालं आहे. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील अशी राज्यातली वजनदार मंडळी इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला गेली. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान झालं. वजनदारांच्या काँग्रेसला ६९ जागा, आणि ‘हात’ हे नवंकोरं चिन्ह घेऊन उतरलेल्या इंदिरा काँग्रेसला ६२! दोन वर्षांनी लोकसभेला इंदिरा काँग्रेसने महाराष्ट्रात ३९ जागा घेतल्या. दुसऱ्या काँग्रेसचे एकटे यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले. लांब गेलेल्यांना नेत्याचे भक्त सोडून गेले, आणि नेत्याच्या विरोधातल्या मतदारांसाठी जनता पक्ष होताच, ते यांच्याकडे कशाला येतील? स्वतःच्या नावावर जिंकायला साताऱ्यासारखी आयुष्यभराची बांधणी लागते.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. १९७७ ला काँग्रेसला साधारण ३४.५ टक्के मतं पडली आणि १५४ जागा मिळाल्या. १९८० ला मतं गेली ४३ टक्क्यांच्या आसपास, जागा मात्र दुपटीहून जास्त, ३५३. मधल्या काळात काहींचा राग ओसरला, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जनता पक्ष फुटला आणि चरणसिंगांचा गट वेगळा लढला. इंदिराबाईंना नको म्हणणारे तेव्हाही काही थोडेथोडके नव्हते. १९७७ ला ते एका पेटीत आले होते, १९८० ला विखुरले.

म्हणून फोटोचा आकार ठरवण्याआधी आपल्या मतदारसंघात फिरा. समोर एकास एक लढत आहे की तिघं-चौघं आहेत, ते बघा. चौरंगी लढतीत नेत्यासाठी जीव टाकणारे एक तृतीयांश लोकही तुमच्या माणसाला निवडून आणतील, तिथे फोटो खुशाल मोठा लावा. एकास एक असेल तर नेत्याची सभा मागू नका, आणि तुमच्या उमेदवाराने पाच वर्षांत काय केलं ते घरोघरी जाऊन सांगायला आजच सुरुवात करा.