१२ टक्के म्हणजे नेमके किती?

आज गावात बऱ्याच जणांचे कर्जाचे कागद पाहिले. बचत गट, सोनेतारण, हप्त्यावरची गाडी, सगळं होतं. व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे मात्र कोणीच विचारलेलं नव्हतं.

५०,००० रुपये, १२ टक्के फ्लॅट, मुदत १ वर्ष. व्याज ६,०००, हप्ता साधारण ४,६६७. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारांवरच! खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. घटत्या शिलकीवर हेच व्याज सुमारे ३,३०० झालं असतं. वरून प्रोसेसिंग फी अन् विमा आधीच कापून घेतात, ते वेगळंच.

म्हणून भाऊ, सहीआधी केएफएस, म्हणजे कर्जाचा दर, खर्च अन् अटी एकत्र मांडलेला कागद (की फॅक्ट स्टेटमेंट), मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक मुदत कर्जाला बँकेनं अन् फायनान्स कंपनीनंही तो देणं बंधनकारक आहे. त्यातला एपीआर बघा; सगळे खर्च धरून वर्षाचा दर तिथं असतो.

पीककर्जाचं गणित निराळं. ३ लाखांपर्यंत ७ टक्के, मुदतीत भरलं तर त्यात ३ टक्के सवलत. कापसाचे पैसे आले की आधी हेच खातं भरा. मुदत हुकली की सवलत गेली.