नखांतली फक्की

आज ट्रॅकला फक्की मारून घरी यायला साडेनऊ झाले, दोनदा हात धुतले तरी नखांतला चुना निघालेला नाही. उद्यापासून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. खो-खो माझ्याकडे, ॲथलेटिक्स माझ्याकडे, व्हॉलीबॉल पण माझ्याकडेच, वर एन्ट्री फॉर्म, गाडी, मुलांच्या जेवणाची बिलं. आणि परवा स्टाफरूममधे एकजण सहज बोलून गेले, मॅडम तुमचं बरंय, पेपर तपासायची कटकट नाही. लागलं ते मनाला, अजून जात नाहीये.

म्हणून परत जुने अमेरिकन कोच अमोस अलोन्झो स्टॅग यांच्याबद्दल वाचत बसले. १८९२ साली शिकागो विद्यापीठ नव्याने सुरू होत होतं, तेव्हा अध्यक्ष विल्यम रेनी हार्परनी येल विद्यापीठातल्या आपल्या या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं, आणि नुसता कोच म्हणून नाही तर असोसिएट प्रोफेसर म्हणून, शारीरिक शिक्षणाचा अख्खा विभाग हातात देऊन! मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. मैदान हा पण वर्गच आहे हे कोणीतरी तेव्हा कागदावर मान्य केलं होतं. पुढे ४१ सीझन अमेरिकन फुटबॉल, सोबत बेसबॉल, ट्रॅक, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या धावपटूंचं कोचिंग, हे सगळं एका माणसाने केलं. येलमधे असताना टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला धरून पाडायच्या, सरावासाठी त्यांनी गादी गुंडाळून टांगली होती म्हणे. हे वाचून मला आमच्या उंच उडीची मॅट फाटली ते वर्ष आठवलं, हॉस्टेलमधून कापसाच्या चार गाद्या आणून दोरीने बांधल्या होत्या आणि पोरी त्यावर बिनधास्त उड्या मारत होत्या.

७० वर्षांचे झाल्यावर विद्यापीठाने नियमाने निवृत्त केलं, ऑफिसातलं काम देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले, तिथे आणखी १४ सीझन, आणि १९४३ मधे, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम कोच ठरले. तिकडे शिकागोने १९३९ मधेच फुटबॉल बंद केला होता, त्यांच्या नावाच्या स्टॅग फील्डच्या स्टँडखाली १९४२ मधे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीच्या टीमने पहिली नियंत्रित अणू साखळी प्रक्रिया घडवली. जगाला ते मैदान त्यासाठी माहीत आहे, याचं मला फार वाईट वाटतं. १०२ वर्षं जगले सर.

बाहेर ढग आलेत. रात्री पाऊस झाला तर लेन परत आखाव्या लागतील, फक्कीची एकच गोणी उरली आहे, पाचचा गजर लावलाय.