रिफ्रेश

परवा दुपारी एक पीडीएफ उघडायची वाट बघत बसले होते. स्कॅन केलेली, अवाढव्य फाइल, तिला वेळ लागणार हे मला माहीत होतं, पण हाताला कुठे माहीत असतं, त्याने सगळ्या विंडो खाली घातल्या, डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं आणि रिफ्रेश. परत राइट क्लिक, परत रिफ्रेश. चौथ्या वेळी शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मावशी, हे काय करतेयस?"

"रिफ्रेश."

"त्याने काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पंचवीस वर्षं तरी हे करतेय मी. कॉम्प्युटर चालू झाला की रिफ्रेश, अडकला की रिफ्रेश, काही सुचेना की रिफ्रेश.

"बरं वाटतं," मी म्हटलं.

"कोणाला?"

आता खरं काय होतं ते मला माहीत आहे, नाही असं नाही. डेस्कटॉप म्हणजे शेवटी एक फोल्डरच, त्यात काय काय पडलंय ते पुन्हा एकदा वाचायचं आणि आयकॉन पुन्हा काढायचे, एवढंच ते करतं. रॅम रिकामी होत नाही, प्रोसेसरला दम खायला मिळत नाही, आणि त्या पीडीएफला तर आपण बाहेर काय करतोय याचा पत्ताही नसतो. पण आयकॉन क्षणभर लुकलुकतात ना, तेव्हा केर काढून झाल्यासारखं वाटतं त्याचं काय करायचं. काही लोक एफ फाइव्ह दाबून ठेवतात, आयकॉन थरथरत राहतात नुसते. ते मला आवडत नाही. राइट क्लिक करून, नीट मेनू उघडून, शब्दावर जाऊन क्लिक करण्यात जे आहे ते त्यात नाही.

ही सवय दादाची. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि आमच्या सगळ्या खानदानात कॉम्प्युटर 'येणारा' एकमेव माणूस. रविवारी तो सीडींचं पाऊच घेऊन यायचा, चेन उघडली की एकेका प्लॅस्टिकच्या कप्प्यात मार्करने लिहिलेल्या सीडी, काहींवर नाव, काहींवर नुसतं 'मिक्स'. तो खुर्चीत बसायचा, तीनदा रिफ्रेश करायचा, स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागणार." म्हणजे डिस्कवरचं विंडोज पुसून पुन्हा पहिल्यापासून टाकायचं. कधीकधी माऊस चालत नाहीये एवढीच तक्रार असायची तरीही फॉरमॅट. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट फॉरमॅटशिवाय गेला तर नीट बघितलं नाही असं वाटायचं.

फॉरमॅटचा दिवस हा वेगळाच असायचा. आधी डिस्कच्या 'सी' भागातलं सगळं 'डी' भागात हलवायचं, काहीतरी राहायचंच आणि ते नेमकं दुसऱ्या दिवशी आठवायचं. मग निळा स्क्रीन, मग विंडोज ९८ची पंचवीस अक्षरांची की, जी दादाला तोंडपाठ होती आणि ती कुठून आली हे विचारायचं नसायचं. सगळं झालं की डेस्कटॉप यायचा तो ६४० बाय ४८०वर, सोळा रंगांत, आयकॉन एवढे मोठ्ठे की कुणाचा तरी चष्मा आपल्या डोळ्यावर चढवलाय असं वाटावं. डिस्प्लेचा ड्रायव्हर टाकला की सगळं एकदम बारीक आणि रंगीत. आणि आवाज मात्र नाही. आवाजाच्या ड्रायव्हरची सीडी कायम हरवलेली असायची, त्यामुळे माझ्या लहानपणातले कित्येक आठवडे आमचा कॉम्प्युटर मुका होता.

फॉरमॅट नसेल तर डीफ्रॅग. स्क्रीनभर छोटे छोटे रंगीत चौकोन, एकेक उचलला जातोय, दुसरीकडे ठेवला जातोय, आणि मध्येच कुणी काही उघडलं की डिस्कवरचा मजकूर बदललाय म्हणून परत पहिल्यापासून सुरू. त्यामुळे दादाचा हुकूम, कुणी हात लावायचा नाही. आम्ही हात लावायचो नाही. पण बघायचो. मी आणि माझा धाकटा भाऊ खरोखर तास तास ते चौकोन बघत बसायचो, तो म्हणायचा आता हा निळा तिकडे जाणार, मी म्हणायचे नाही, इकडे. त्या डीफ्रॅगला तेव्हा अर्थ तरी होता, हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असायची, एका फाइलचे तुकडे चार ठिकाणी पडले की वाचणारं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत राहायचं, ते तुकडे एका ओळीत आणले की पळापळ कमी. आता एसएसडीत, म्हणजे नुसत्या चिपांच्या डिस्कमध्ये, ना तबकडी ना डोकं, तिला उगाच डीफ्रॅग केलं तर फायदा काही नाही, वर तिची लिहिण्याची क्षमता थोडी फुकट जाते. बरोबरच आहे. पण बघायला काही उरलं नाही हेही खरं. आता नुसतं गोल फिरतं, ते कुठे पोचलंय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं बहुतेक.

दादानेच एकदा पैज लावली होती, 'कॉन' नावाचं फोल्डर बनवून दाखव. बनलं नाही. मी स्पेलिंग बदलून बघितलं, कॅपिटलमध्ये करून बघितलं, दुसरीकडे बनवून आणून बघितलं. तो फक्त गूढ हसायचा, आणि बिल गेट्सचं काहीतरी सांगायचा जे साफ खोटं होतं. खरं कारण मला फार उशिरा कळलं, डॉसच्या काळात कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि स्क्रीन मिळून जे होतं त्याचं ते नाव, प्रिंटरचं पीआरएन, तसंच ऑक्स आणि नल, आणि ती नावं जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून राखून ठेवलेली. म्हणजे घरातला म्हातारा माणूस गेला तरी त्याची खुर्ची कुणी हलवली नाही असा प्रकार. दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "हो का? मला वाटलं व्हायरस."

आणि तरी सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं हे आम्ही दादाच्या पाऊचवरूनच ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, त्याने जे टाकलं ते. लोक आता विचारतात, अमुक कामाला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, आणि मग कुणीतरी तक्ते करून देतं, ह्यात हे आहे त्यात ते नाही. मला अजून एकही माणूस भेटलेला नाही ज्याने तक्ता बघून सॉफ्टवेअर निवडलं आणि त्यालाच चिकटून राहिला. चिकटतो आपण त्याला जे पहिल्यांदा अडल्या वेळी चाललं. पिक्चर लावायच्या व्हीएलसीचं माझं असंच झालं. त्याआधी पिक्चर लावला की आवाज यायचा, चित्र नाही, किंवा चित्र यायचं आणि माणसं मुक्याने भांडायची, मग कोडेक, म्हणजे फाइलमधलं चित्र आणि आवाज उलगडणारे तुकडे, त्यांचा पॅक शोधा, तो टाकला की जे आधी चालत होतं तेही बंद. व्हीएलसीने स्वतःचे कोडेक स्वतःबरोबरच आणले आणि विषय संपवला. तो नारिंगी रस्त्यावरचा शंकू बघून मला वाटलेलं की 'काम चालू आहे' असं म्हणायचं असेल त्यांना. तसं काही नाही, पॅरिसच्या इकोल सेंत्रालमधल्या ज्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं त्यांच्याकडे असे शंकू गोळा करून ठेवलेले होते, म्हणून. इतकं साधं कारण असलेली गोष्ट मला लगेच विश्वासाची वाटते.

फाइली दाबून त्यांचं गाठोडं बांधणाऱ्या विनरारचं तर बोलायलाच नको. चाळीस दिवसांची ट्रायल आणि ते चाळीस दिवस कुणाचे कधी संपलेत. रोज ती छोटी खिडकी येते, बाई आता विकत घे, आपण बंद करतो, ते निमूट काम करतं. इतक्या वर्षांनी मला त्याची लाज वाटायला लागली म्हणून सेव्हन-झिप टाकलं, ते १९९९ पासून फुकटच आहे, काही मागत नाही, आणि मला विनरारच्या आयकॉनमधला तो बेल्टने बांधलेला तीन पुस्तकांचा गठ्ठा आठवत राहतो.

दादाने शिकवलेली अजून एक गोष्ट म्हणजे नेक्स्ट. सॉफ्टवेअर टाकताना वाचायचं नाही, नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश. त्याचा हात इतका चालायचा की पुढच्या विंडोतलं नेक्स्ट यायच्या आधीच माऊस तिथे जाऊन थांबलेला असायचा. आधीच टिक करून ठेवलेले चौकोन वाचायला वेळ कोणाला. परिणाम असा की आमच्या ब्राउझरला एकाखाली एक पाच टूलबार होते आणि वेबपेज दिसायला खाली चार बोटं जागा उरायची. मी आता सुधारलेय, कस्टम निवडते, एकेक टिक काढते, आणि माझ्यासमोर कुणी धडाधड नेक्स्ट केलं की मला अंगावर काटा येतो. भाचीला मी यावरून एकदा इतकं बोललेय की ती आता मी खोलीत नसताना सॉफ्टवेअर टाकते.

तर ती पीडीएफ. उघडेचना. म्हटलं बघू तरी काय खातंय मशीनला, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये गेले, आणि खाली 'अप टाइम'पुढे, म्हणजे मशीन कधीपासून सलग चालू आहे त्यापुढे, आकडा, ४३ दिवस. मी म्हटलं हे शक्य नाही, मी रोज रात्री शट डाउन करते, झाकण लावून नाही, नीट स्टार्टमध्ये जाऊन. मग कळलं की विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आहे, ते चालू असलं की शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात पण सिस्टिमचा गाभा तसाच डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू. खरं पहिल्यापासून सुरू व्हायचं तर रीस्टार्ट. म्हणजे 'शट डाउन'ने पूर्ण बंद होत नाही आणि 'रीस्टार्ट'ने होतं. मी ४३ रात्री त्याला झोपवून, दिवा मालवून जात होते आणि ते टक्क जागं. रीस्टार्ट केलं. पीडीएफ तीन सेकंदांत उघडली.

भाची म्हणाली, "बघ, रिफ्रेशने काही झालं नाही." मी म्हटलं, सुरुवात त्याने केली.

ती पीडीएफ उघडायची होती ती आजोबांच्या एका फाइलशी ताडून बघायला. जुन्या कागदांचे स्कॅन आहेत, त्यांच्या हातचे थोडे. मी सातवी-आठवीत असताना त्यांनी मला त्यांच्या आठवणी सांगितल्या होत्या, ते सांगायचे, मी टाइप करायचे, चाळीसेक पानं झाली. दादाने टाकून दिलेल्या कुठल्या तरी मराठी फॉन्टमध्ये. सगळ्या लिपींच्या अक्षरांना एकेक ठरलेला नंबर देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्या घरी ते पोचलेलं नव्हतं, आमचा फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की खाली नुसता कचरा दिसतो. त्याच फोल्डरमध्ये त्याच वर्षीची माझी दुसरी फाइल आहे, गेमच्या चीट कोडची, साधी नोटपॅडची, ती आजही डबल क्लिक केली की टचकन उघडते. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आजोबांची मी कन्व्हर्टरमधून काढली. बरीचशी आली. 'सूर्य'चा 'सूयर्' झालाय, 'वर्षे'चं 'वषेर्', ते हाताने नीट करता येतं. पण काना आणि दीर्घ वेलांटी जिथे जिथे होती तिथे प्रश्नचिन्ह आहे. ते कन्व्हर्टरचं काम नाही, माझं आहे. मध्ये कधीतरी मी ती फाइल उघडून परत सेव्ह केली असणार, आणि 'ह्यातली काही अक्षरं जातील' असं सांगणारी एक विंडो आली असणार, आणि मी ओके केलं असणार. मला ती विंडो आठवतही नाही.

तसं वाचता येतं. 'घर?त' म्हणजे घरात, 'प?ण?' म्हणजे पाणी, पाचसहा ओळींनंतर डोळ्यांना सवय होते. नवव्या पानावर मात्र आजोबा त्यांच्या भावंडांबद्दल सांगतायत आणि तिथे एक वाक्य आहे, 'त्य? प?वस?ळ्य?त मोठ? त?प?त गेल?.' मोठा गेला की मोठी गेली. स्कॅनमध्ये ते पान नाही. टाइप मीच केलंय, पण मला आठवतंय ते एवढंच की आजोबा मध्येच बराच वेळ थांबले होते, आणि त्यांचं कधी संपतंय आणि मला गेम कधी लावता येतोय असं मला झालं होतं.

बाबांना विचारलं, ते म्हणाले भाऊ असणार. आत्या म्हणते बहीण. मी ते प्रश्नचिन्ह सध्या तसंच ठेवलंय आणि दहावं पान घेतलंय.