आमची वाटचाल : ‘व्हिडिओ काढा’ म्हणजे नक्की काय?

वडिलांनी १९८७ साली महाद्वार रोडच्या मागच्या बोळात कॅसेटचं दुकान टाकलं तेव्हा मी दहावीत होतो. तयार कॅसेटपेक्षा आमची खरी कमाई कॅसेट भरून देण्यात होती. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं, आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर उतरवायचो. ९० मिनिटांची घेतली तर उत्तम. ६० ची स्वस्त, पण तिच्यात शेवटचं गाणं हमखास मधेच तुटायचं. हक्क कुणाचा, परवानगी कुणाची, हा प्रश्न त्या बोळात कुणाच्या डोक्यातही आला नाही. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं वाचून जुनी गिऱ्हाइकं हसणार आहेत.

सीडी आली, कॅसेट गेली. मग लाउडस्पीकर भाड्यानं देणं, लग्नं, गणपती, हळूहळू नाटकांची ध्वनिव्यवस्था आणि शेवटी स्वतःच कार्यक्रम लावणं. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं आणि दोन अँप्लिफायर गेले. त्यावर एवढंच; कोल्हापुरात प्रत्येकाकडं पुराची एक गोष्ट असते.

२०२३ च्या हिवाळ्यात आम्ही एक एकपात्री विनोदी कार्यक्रम घेतला. कलाकार आपल्याच भागातला. दोन तासांचा सगळा डोलारा शेवटच्या एका वाक्यावर उभा. त्या वाक्याआधी तो नुसता उभा राहून घोटभर पाणी पितो आणि तांब्या खाली ठेवून मगच बोलतो. केशवराव भोसले नाट्यगृहातल्या पहिल्या प्रयोगाला त्या वाक्यावर छप्पर उडायचं बाकी राहिलं होतं.

तीन आठवड्यांनी सांगलीत त्यानं पाणी प्यायलं, तांब्या ठेवला, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका पोरानं ते वाक्य त्याच्या आधी म्हणून टाकलं. लोक हसले, पण पोराला हसले. मी विंगेत होतो. कलाकारानं पडदा पडल्यावर शिवी दिली नाही, नुसतं विचारलं, “दादा, आता हे किती दिवस चालणार?” रात्री मोबाइलवर शोधलं तर आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगाचे अकरा व्हिडिओ निघाले. एक तर अख्खा ४२ मिनिटांचा उत्तरार्ध. चोरून विकणारं त्यात कुणी नव्हतं, सगळे चाहतेच. खाली बदाम आणि ‘नाद खुळा’.

ओळखीच्या वकिलांनी समजावलं की आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्यात रंगमंचावरच्या कलाकारालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळालाय, तोही ५० वर्षांसाठी. स्वतःपुरतं बघायला कुणी चित्रण केलं तर त्याला सूट आहे; ते सगळ्यांसाठी टाकायला कलाकाराची संमती लागते. त्यांनी निरोपाचा मसुदाही दिला. ‘कायदेशीर कारवाई’ हा शब्द त्यात तीनदा. तो आम्ही शहाण्यासारखा सगळ्यांना पाठवला. तिसऱ्या दिवशी एका पोराचे वडील दुकानात हजर. “साहेब, पोरगं जेवंना झालंय. पोलीस येणार काय घरी?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा निरोप मी स्वतः लिहिला, साधा आणि गोड: ‘कृपया आमच्या प्रयोगाचा व्हिडिओ काढा.’ एका भल्या माणसानं ‘हो सर’ म्हणून उत्तर दिलं आणि पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून आणखी एक काढला. चूक त्याची नव्हतीच. मराठीत फोटो ‘काढतात’ आणि जळमटंही ‘काढतात’. तिसऱ्या निरोपात लिहिलं : ‘नेटवरून डिलीट करा. तुमच्या मोबाइलमध्ये खुशाल ठेवा. शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं करा.’ आणि प्रत्येकाला फोन.

मुलगा म्हणत होता, कशाला हे? यूट्यूबवर तक्रारीचा फॉर्म आहे, भर आणि मोकळा हो. पण त्या अकरांतलं एक चॅनेल भजनी मंडळातल्या पोराचं होतं. त्यावर त्याच्या आजोबांची तीसेक भजनं. त्याच्यावर आधीच दोन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट तक्रारीवरून यूट्यूबनं दिलेले ठपके, होते, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेलच जातं. आमच्या एका वाक्यापायी आजोबा गेले असते. त्या फॉर्ममध्ये समोरच्याला सात दिवसांची मुदत द्यायची सोयही असते, हे मला तेव्हा कळलं. ती आम्ही एकदाच वापरली. भरपूर फॉलोअर असलेल्या एकानं तीन फोनला नुसता अंगठा दाखवला होता, त्याच्यासाठी. बाकी दहा फोनवर मिटले. भजनवाल्यानं तर पाच मिनिटांत.

सगळ्यात लांबला ४२ मिनिटांवाल्यांचा फोन. गडहिंग्लजचे निवृत्त मास्तर.

“अहो, आवडलं म्हणून टाकलं की! तुमची फुकटात जाहिरात झाली.”

“झाली की, काका. पण तिच्यात शेवटही गेला.”

“मग शेवट तेवढा कापू?”

“कापा. पहिली पाच मिनिटं ठेवा, आमचीच परवानगी आहे असं समजा.”

“कापायला नातवाला सांगावं लागंल.” जरा थांबून म्हणाले, “तुमच्या दुकानातनं भरून घेतलेली कॅसेट हाय माझ्याकडं. ती पण परत मागणार काय?”

यावर मी काय बोलणार?

तेव्हापासून तिसऱ्या घंटेआधी आम्ही सांगतो: पहिली पाच मिनिटं मनसोक्त चित्रण करा, मग मोबाइल खिशात. बहुतेक जण ऐकतात. एखादा नाही ऐकत. त्याच्या खांद्यावर आमचा माणूस हळूच हात ठेवतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ साली सुरू झालेलं थिएटर. आम्ही सकाळी जाऊन बघितलं आणि कुणी कुणाशी बोललं नाही. आठवड्यानं त्याच अकरा जणांना पुन्हा फोन केले. यावेळी मागायला: तो प्रयोग मोबाइलमध्ये अजून आहे का? मागे रंगमंच दिसतोय, बाल्कनी दिसत्येय. नऊ जणांनी पाठवला.

मास्तर स्वतः आले. पेन ड्राइव्हबरोबर ती कॅसेटही घेऊन. ६० मिनिटांची, कव्हरवर माझ्या शाळकरी अक्षरात यादी आणि शेवटच्या गाण्यापुढं कंसात ‘अर्धे’. गल्ल्यावर ठेवत म्हणाले, “उरलेलं कधी देताय?”